सहीच्या जागी

"वय बाहत्तर, आता शिकून काय दिवे लावणार ही?" आमच्या गावात ज्याच्या त्याच्या तोंडी हेच. प्रौढांचा वर्ग मी घेते, म्हणून ऐकवायचे मला. मेल्यांनो, तुमचं काय जातं?

इडालिनामावशीचा जन्म ऑलिव्ह वेचण्यात गेला. ओळखपत्रावर सहीच्या जागी छापलेलं होतं, 'सही करता येत नाही'. ते जावं म्हणून दीड वर्ष बोटं दुखेस्तोवर ती अक्षरं गिरवत होती. मध्यंतरी लिस्बनहून एक साहेब फॉर्म घेऊन आले. शिकण्याची प्रेरणा कोणती? नोकरी, आरोग्य, नातवंडं; एकावर खूण करा. मावशी म्हणाली, "बाई, यात मी कुठंय?" साहेबांनी तिच्या नावापुढं 'नातवंडं' अशी खूण करून टाकली. हिला मूलबाळसुद्धा नाही!

ओळखपत्राची मुदत संपली, तशी मी तिच्यासोबत सरकारी कचेरीत गेले. खिडकीमागच्या मुलीनं जुनं कार्ड पाहिलं आणि खटाखट बटणं दाबली.

"झालं, आजी. बोट ठेवा इथं."

"मला सही करायचीय."

"राहू द्या हो, कशाला त्रास? जुन्यावर होतं तेच टाकलंय. आता दहा वर्षं निवांत."

दहा वर्षं! माझं डोकंच फिरलं. "अगं, विचारायचं तरी!"

"मागची रांग बघा ना, बाई."

रांगेतला एक जण खेकसला, "ठेव गं आजी बोट, आमची बस चुकेल!"

मी भांडायला बाह्या सरसावणार, तोच मावशीनं माझा दंड धरला.

"पोरी, तक्रारवही आण."

आमच्याकडं तक्रारवही मागितली की कुणालाच नाही म्हणता येत नाही, कायदाच आहे तसा. मुलीचा चेहरा खर्रकन उतरला.

"आजी, थांबा, खोडते मी ते. घेते ना सही. वही कशाला?"

"सही घेशीलच. आधी वही."

पिवळी वही आली. मावशी खुर्ची ओढून बसली. मी मदतीला वाकले, तर म्हणाली, "बाई, तुम्ही तिकडं बघा." पाऊण तास लागला. बस गेली.

दोन ओळी झाल्या. 'मला विचारलं नाही. मला लिहिता येतं.' खाली पूर्ण नाव.

मग तिनं वही खिडकीतून आत सरकवली.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच."