चांगुणेने पाहिलेली वाट

मार्गशीर्षातला उतरता प्रहर. ताम्रवर्णी ऊन, नीलश्याम समुद्र, आणि कड्याच्या टोकावर शतवर्षांचा शुभ्र दीपस्तंभ. रोज चार ते साडेपाच तो पाहुण्यांना खुला असे. त्या दिवशी पाहुणे दोनच.

धर्मा तांडेलाने चाळीस वर्षं याच दिव्याच्या भरवशावर होडी बंदरात आणली होती. पण दिवा जवळून कधी पाहिला नव्हता. आता डोळ्यांत धुकं उतरलं होतं. उरलेली नजरही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून तो आला. दुखरे गुडघे घेऊन त्याची बायको चांगुणाही आली.

वर्तुळाकार जिना, वर्तुळाकार श्वास. एक वळण, एक विसावा. पुन्हा वळण, पुन्हा विसावा.

माथ्यावर काचेच्या कड्यांचं स्फटिकशीतल, विशाल कमळ. धर्माला नुसती चकाकी दिसली. रखवालदार सावंतांनी त्याचा हात धरून आतल्या, विझलेल्या दिव्यावर टेकवला.

"एवढासाच?"

"एवढाच, तांडेल. त्याला मोठं करते ती ही काच."

धर्माची बोटं तिथेच रेंगाळली.

मग बाहेरचा सज्जा, आणि वारा. किनाऱ्यावरून चांगुणेला समुद्र नेहमी सपाट, मोकळा दिसे. इथून त्याचं अंतरंग दिसलं. पाण्याखाली कृष्णवर्णी खडकांच्या रांगा, त्यांवर फेनधवल फुटणाऱ्या लाटा, आणि मधोमध एकच निळी, चिंचोळी चीर.

"या दोन खडकांमधून यायचात?"

"तीच वाट."

"काळोखातनं?"

"बहुतेक वेळा."

"मला कधी बोलला नाहीत."

"बोललो असतो, तर दुसऱ्या दिवशी जाऊ दिलं असतंस?"

उशिरासाठी, गार झालेल्या भाकरीसाठी, दारातच ती जे जे बोलली होती, ते सगळं लाटेसारखं तिच्या अंगावर आलं. कठड्यावरच्या त्याच्या हातावर तिने आपला हात ठेवला.

"काय दिसतंय, सांग."

"एक होडी येतेय."

"उजव्या खडकाला लागून?"

"नाही. मधोमध."

"मग येईल."

तरी तिची पापणी लवली नाही. होडी चिरेत शिरली, हेलकावली, सावरली, शांत पाण्यात आली. चांगुणेने अडवलेला श्वास सोडला.

"आली?"

"आली."

साडेपाच वाजून गेले होते. सावंतांनी किल्ल्या खिशातच ठेवल्या. ऊन केशरी झालं, खडक काळवंडले, निळी चीर सावलीत मिटत गेली. कठड्यावर दोन सुरकुतलेले हात तसेच राहिले, मिठाचे, वाऱ्याचे, एकमेकांचे.