सरळ अंगठा

१,८४२ तास.

हा आकडा नवऱ्याच्या गेममध्ये पडद्याच्या कोपऱ्यात असतो, बारीक अक्षरात. आजवर किती वेळ खेळलात, त्याचा. गेम ट्रकचा. माल भरायचा, रस्त्याला लागायचं, माल उतरवायचा. मी बस चालवते. आठ तास स्टिअरिंग धरून घरी यावं, तर हा सोफ्यावर गाडी चालवतोय.

मग त्याचा अंगठा दुखायला लागला. डॉक्टरांचा कागद, त्याने भरलेला:
अंगठ्याचं बारीक काम, दिवसाला किती तास? – सहा. कवळ्या करतो, मेणात दात बसवतो.
इतर? – नाही.

"इतर नाही?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"तो छंद आहे गं. छंदाला इतर म्हणत नाहीत."

तीन आठवडे अंगठा सरळ, आधार बांधून. नाहीतर ऑपरेशन, आणि मग पूर्वीची पकड येईलच असं नाही. तो कवळ्या करतो त्या लॅबच्या बाईंनी रजा दिली, त्याच दमात म्हणाल्या, "चौथ्या आठवड्यात मात्र मला माणूस लागेल. तुम्ही नाहीतर दुसरा."

१,८९१.

रजेचे फक्त पाच दिवस झाले होते.

आधार त्याने स्वतःच केला, कवळीच्या गुलाबी प्लास्टिकचा. कडा अशा घासलेल्या की गालाला लावाव्यात. कामात त्याचा हात धरणारं कुणी नाही. फक्त आधार सरळ नव्हता. मी गेमचं हँडल उचललं, आधार त्यावर टेकवला. हिरडीवर कवळी बसावी तसा बसला.

"माप कशाचं घेतलंस?"

"अंगठ्याचं."

"कुठे ठेवलेल्या अंगठ्याचं?"

त्याने अंगठा वर धरून पाहिला. मग खरंच गोंधळून म्हणाला, "मला वाटलं, अंगठा असाच असतो."

भांडायलाही अंगात त्राण लागतं. मी चपला काढल्या. "दुसरा कर. सरळ. आणि ते हँडल आण इकडे. मी चालवते, तू बघ."

१,९०४.

रोज संध्याकाळी दोन-अडीच तास, ड्युटीनंतरची ड्युटी. तो शेजारी, अंगठा ताठ.

"डावीकडे घे. अगं, थांबलीस का?"

"स्टॉप आला."

"ट्रक आहे तो! आत सिमेंट आहे. सिमेंट उतरणार आहे का इथे?"

"बोटं आपोआप थांबतात रे."

प्रत्येक स्टॉपला थांबतात. पहिले चार दिवस तो ओरडला. पाचव्या दिवसापासून नुसतं विचारायचा, "चढलं का कुणी?"

१,९२७.

तीन आठवडे संपले. डॉक्टरांनी अंगठा दाबला, वाकवला. तो कळवळला नाही.

"सोमवारपासून कामाला जा. एवढा बिघडला कसा होता पण? नुसत्या सहा तासांनी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे.

"इतर होतं," तो म्हणाला. "गेम. रजेत तर दहा-दहा तास."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ते बंद. पुन्हा दुखलं तर माझ्या हातात काही नाही."

घरी आल्यावर त्याने हँडल मुकाट्याने माझ्या मांडीवर ठेवलं.

"आज नको. कंबर गेलीय माझी."

"एकच खेप."

मी ट्रक काढला. पहिला स्टॉप आला तशी थांबले, आणि या वेळी इंजिनही बंद केलं. पडद्यावर रिकामा बाक, रिकामा रस्ता.

"कुणाची वाट बघतेयस?"

"कुणाची नाही. बसू दे जरा."

तोही टेकला. कोपऱ्यात १,९२८ झाले.