निळ्या खुणेचे उंदीर

पोटच्या पोरीने आईला चारचौघांत ‘मावशी’ म्हणावे, हे कुठल्या शाळेत शिकवतात? बाईंनी सव्वीस वर्षे प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे घासले. त्या घासण्यावर शिकलेली लेक आता तिथेच साहेब होऊन आली, आणि पहिल्याच दिवशी दाराआड घेऊन म्हणाली, “इथं मला मॅडम म्हणायचं. मीही मावशीच म्हणेन.”

“म्हण की. नाळ तोडलीच होती, आता नातंही तोड.”

लेकीचे काम वेदना थांबवणाऱ्या औषधाचे. उंदराच्या शेपटीला दिव्याचा चटका द्यायचा आणि तो किती सेकंदांनी शेपूट ओढतो ते मोजायचे. “चटक्याचा निरोप आधी पाठीच्या कण्यात जातो,” घरी जेवताना तिने एकदा समजावले होते. “तिथं दारं असतात. माझं औषध ती दारं लावून टाकतं. निरोप डोक्यापर्यंत पोचतच नाही.”

लाल खुणेच्या वीस उंदरांना कण्यात औषध, निळ्या खुणेच्या विसांना नुसते मिठाचे पाणी. निळे बिचारे चटका बसताच चिरकायचे. बाईंना बघवेना. रोज सकाळी, कुणी यायच्या आत, त्या एकेका निळ्याला मांडीवर घेऊन पाठीवरून हात फिरवायच्या. जन्मात कुणाच्या पाठीवर हात न फिरवलेली बाई! लेक सहा वर्षांची असताना तिचा तळवा इस्त्रीला चिकटला, तेव्हा “रडलीस तर दुसराही टेकवीन” म्हणून दरडावले होते. पोर रडली नाही. केवढी छाती फुगली होती बाईंची!

महिनाभरात निळेही लालांइतकेच उशिरा शेपूट ओढू लागले.

“मावशी, यांना हात कोण लावतं?”

“मी. त्यांना औषध नाही ना, म्हणून जरा कुरवाळते.”

लेकीचा आवाज चढलासुद्धा नाही. “कुरवाळलेल्या जनावराला चटका उशिरा जाणवतो. आता माझं औषध खोटं ठरलं. चाळीसही बाद. दुपारच्या आत पेटीत घाला.”

“अगं, निदान निळे तरी...”

“मॅडम.”

पेटीत वायू सोडायचे काम बाईंचेच. लालांना मानगुटीला धरून उचलावे लागले. निळे मात्र पिंजरा उघडताच, ओळखीने, आपणहून त्यांच्या हातावर चढले.

रिकामे पिंजरे धुऊन, पालथे घालून बाई सहीची वही घेऊन गेल्या. लेकीने वर न बघता सही केली. पेन खाली ठेवताना तळव्यावरचा तो जुना चकचकीत डाग दिसला. बाईंनी वही मिटली, काखेत धरली.

“मॅडम, उंदरांना औषध टोचावं लागतं. तुझी दारं मी सुईवाचून लावली, आणि चांगली घट्ट लावली. पण चटका बसला की ती मुकी जनावरं शेपूट तरी हलवायची गं. तुझी पापणीसुद्धा हलली नाही.”