गळ्यापर्यंत पाणी

ओदिलियाने पुढचा फोटो उचलला, बराच वेळ पाहिला आणि टेबलावर पालथा ठेवला.

“काय वाटतंय या बाईला?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“डोळे आहेत,” ओदिलिया म्हणाली. “नुसत्या डोळ्यांवरून कसं सांगू? बाकीची बाई कुठे आहे?”

डॉक्टरबाईंना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. बालकल्याण खात्याने त्यांना सकाळच्या बोटीने नदीवरून इथवर पाठवलं होतं आणि दुपारच्या बोटीने त्यांना परत जायचं होतं. स्वयंपाकघरातल्या लाकडी टेबलावर त्यांनी फोटोंची चळत मांडली होती. त्यांत चेहरे नव्हते, फक्त डोळ्यांच्या पट्ट्या होत्या. घाबरलेले, खट्याळ, पस्तावलेले असे कसकसले डोळे. निम्म्याहून जास्त ओदिलियाचे चुकले होते. पलीकडच्या खोलीत बायका घरातच मांडलेल्या वेदीवरची पांढरी चादर ताणून बसवत होत्या आणि तिच्यावर काळ्या कापडाचं फुलपाखरू टाचत होत्या. ओदिलियाची बहीण बेनिल्दा जाऊन आज नववी रात्र होती, निरोपाची.

डॉक्टरबाईंना बोलावलं होतं ते मार्लेनीने. मार्लेनी म्हणजे बेनिल्दाच्या नवऱ्याची बहीण. नवरा परागंदा होऊन वर्षं झाली, पण बहीण काली शहरातून धावत आली होती आणि बेनिल्दाच्या पोरीला, लुस्मिलाला, आपल्याबरोबर न्यायचं म्हणत होती. मरताना बेनिल्दा पोरगी ओदिलियाच्या स्वाधीन करून गेली होती, हे घरातल्या सगळ्यांनी ऐकलेलं. मार्लेनीला ते पटत नव्हतं. सख्खी बहीण मेली तरी जिच्या डोळ्यांतून टिपूस आला नाही, ती दुसऱ्याचं मूल काय सांभाळणार, असं तिने खात्यात जाऊन सांगितलं. वर हेही सांगितलं की ओदिलियाला ऑटिझम आहे, क्विब्दो शहरातल्या दवाखान्यातच तसं निघालं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आणि मार्लेनी वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. आल्या दिवसापासून ती पोरीला उराशी धरून होती.

“समोर कुणी रडायला लागलं की तुम्ही काय करता?” बाईंनी विचारलं.

“बाहेर जाते.”

“का बरं?”

“पाणी चढतं म्हणून.”

मग तिने ते बाईंना समजावून सांगितलं. या गावात पूर मोजतात तो अंगावर. पाणी घोट्याला आलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, असं. दुसऱ्याचं दुखणं ओदिलियाला तसंच कळे. त्याला काय झालंय, का झालंय, आता काय बोलायला हवं, यातलं तिला काही म्हणजे काही उमगत नसे. पण पाणी कुठवर आलं ते बरोबर कळे. ती कामाला होती त्या बेकरीत पाव न्यायला येणाऱ्या बाईची दाढ ठणकत असली तर घोट्यापर्यंत. शेजारच्या म्हाताऱ्याचा मुलगा सोन्याच्या खाणीत गाडला गेला तेव्हा कमरेपर्यंत. कमरेच्या वर गेलं की माणसाने जागा सोडायची असते, नाहीतर बुडायला होतं. ती जागा सोडायची. लोक म्हणत, बघा, उठून गेली.

बाईंनी सगळं लिहून घेतलं. मग पेन टेबलावर ठेवून त्या जरा मोकळेपणाने बोलल्या. सहानुभूती एकाच जातीची नसते, म्हणाल्या. दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं ही एक, आणि दुसऱ्याचं दुखणं आपल्याला लागणं ही निराळी. आमची मोजपट्टी जास्त करून पहिलीसाठीच बनवलेली आहे. दुसरीसाठी थोडेच प्रश्न आहेत, आणि त्यांत तुम्ही पट्टीच्या वरच्या टोकाला जाऊन टेकलात. मी दोन्ही लिहीन. वाचणारे पहिलीच वाचतात, ते काही माझ्या हातात नाही. पण शेवटी तुमच्या आईचा शब्द चालेल. मुलगी कुणाकडे राहावी ते त्यांनी सांगायचं आहे.

फोटोंची चळत ओदिलियाने कडा जुळवून नीट केली आणि मग विचारलं, “ज्याचं दुखत होतं तो माणूस गेला, तरी दुखायचं राहिलं नाही, तर ते कशात धरता?”

“त्याला दुःख म्हणतात, ओदिलिया.”

“नाही. माझं दुःख वेगळं आहे, ते इथे आहे,” तिने गळ्याला हात लावला. मग तोच हात डाव्या बरगडीखाली नेला. “हे तिचं आहे.”

बाईंनी पेन उचललं, पण काही लिहिलं नाही.

बेनिल्दाला पोटाचा आजार झाला आणि वर्षभरात तिचा पार पाचोळा झाला. कळ आली की गावाच्या दुसऱ्या टोकाला, बेकरीच्या भट्टीसमोर, ओदिलियाच्या बरगडीखाली सुरी फिरे. हातातलं टाकून ती घरी येई आणि बहिणीच्या खाटेच्या पायथ्याशी बसे. बोलत नसे, कपाळावरून हात फिरवत नसे. बेनिल्दाला ते चाले. “आली माझी घंटा,” ती म्हणायची. ती गेली त्या पहाटे ओदिलियाला वाटलं होतं, आता सुरी थांबेल. थांबली नाही. शवपेटी उचलली, माती पडली, आठ रात्री प्रार्थना झाल्या, आणि बरगडीखाली ते तसंच चाललं होतं, कधी हलकं, कधी जोरात, अगदी बेनिल्दाच्या सवयीप्रमाणे. रिकामी खाट घडी करून भिंतीला लावली होती. तिच्या समोरून जाताना ते वाढायचं. बेनिल्दा अजून घरात होती आणि तिचं अजून दुखत होतं, याबद्दल ओदिलियाला जरासुद्धा शंका नव्हती. जी अजून गेलीच नाही तिच्यासाठी रडायचं कसं, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आई, निकासिया, तिच्याशी बोलत नव्हती. दफनाच्या वेळी म्हातारीने हंबरडा फोडून ओदिलियाच्या गळ्याला मिठी मारली होती, आणि ओदिलियाने आईचे हात एकेक करून आपल्या मानेवरून सोडवले होते आणि ती चालती झाली होती. साऱ्या गावादेखत. तेव्हा पाणी डोक्यावरून गेलं होतं. पण आईला ते कुठून दिसणार? तिला दिसली ती पाठ फिरवून जाणारी लेक, आणि ते तिच्या काळजात रुतून बसलं होतं.

संध्याकाळी माणसं जमू लागली. अंगणात डोमिनोच्या सोंगट्यांचा फड पडला, उसाची दारू फिरू लागली, आत बायका मेलेल्याची गाणी म्हणू लागल्या. त्या गाण्यांना वाद्य लागत नाही. एक बाई ओळ टाकते आणि बाकीच्या ती उचलतात, आणि घर खालपासून थरथरतं. ओदिलियाने भाजलेल्या पावांची टोपली दारात ठेवलेली होती. पाव उचलता उचलता एकजण म्हणाला की आज पावात मीठ कमी आहे, ओदिलिया रडली असती तर पुरलं असतं. लोक हसले. बेनिल्दा असती तर सगळ्यात मोठ्याने तीच हसली असती. निकासिया हसली नाही, आणि लेकीची बाजूही तिने घेतली नाही. मार्लेनीने पोरीची पिशवी भरून दाराशी आणून ठेवली होती. बोट सकाळी लवकर सुटायची, आणि निकासियाने अजून हो म्हटलेलं नव्हतं, नाहीही म्हटलेलं नव्हतं.

रात्रभर ओदिलिया मागच्या पडवीत बसून होती. मधून मधून गाण्याचा ठोका छातीवर आला की ती कान दाबून घेई आणि ओसरला की हात काढी.

पहाटे तेओफिलाने निरोपाचं गाणं धरलं तेव्हा मात्र ती आत आली. तेओफिला ही मुख्य गाणारी, आईच्याच वयाची. हे गाणं सुरू झालं की सगळे उठून उभे राहतात आणि दोन बाजूंना होतात, वेदीपासून दारापर्यंत मधली वाट मोकळी ठेवतात. एकेक मेणबत्ती विझवत जातात, फुलपाखरू काढतात, चादर उतरवतात, आणि मेलेल्याच्या जिवाने त्या वाटेने बाहेर पडायचं असतं. वाटेत उभं राहायचं नाही, हे चालायला लागलेल्या मुलालाही ठाऊक असतं.

पहिली मेणबत्ती विझली आणि लुस्मिला आत्याच्या कुशीतून सुटली. ती धावत जाऊन उंबरठ्यावर उभी राहिली, तोंड आत करून, दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंकडे पसरून. हात काही पुरत नव्हते.

मार्लेनी आधी धावली. तिने पोरीला पोटाशी घेतलं, पापे घेतले, चल गं राणी म्हणाली, स्वतःही रडली. पोरगी लाकडासारखी ताठ झाली. शेजारची एक बाई गूळ घेऊन आली. कुणी म्हणालं उचला तिला, कुणी म्हणालं आता हात लावू नका, गाणं मोडेल. सगळ्यांचे हात पोरीच्या अंगावर होते आणि तिच्या तोंडातून आवाज फुटत नव्हता, नुसता जबडा उघडा.

“बाळा, आईला अडवू नये,” निकासिया म्हणाली. “तिला जाऊ दे.”

ओदिलियाच्या गळ्यापर्यंत पाणी आलं होतं. मागचं दार उघडं होतं आणि पडवी दहा पावलांवर होती. ती पुढच्या दाराकडे चालू लागली. मोकळ्या वाटेच्या अगदी मधून चालत गेली, हेही लोकांनी पाहिलं. बायकांचे हात तिने बाजूला केले आणि ती पोरीच्या शेजारी उंबरठ्यावर उभी राहिली, तोंड आत करून. तिला स्पर्श केला नाही. काही बोललीही नाही. आता दार पुरतं भरलं.

कुणीतरी क्रुसाची खूण केली. तेओफिला जुनीजाणती, तिने गाणं सोडलं नाही. कडव्यामागून कडवं गेलं, मेणबत्त्या विझत गेल्या, आणि त्या दोघी तशाच उभ्या होत्या. हळूहळू पोरीचा जबडा मिटला. श्वास सुरळीत झाला.

“मावशी,” ती म्हणाली. नऊ दिवसांतला तो तिचा पहिला शब्द. “ती कुठे जाणार?”

“मला माहीत नाही.”

“आत्या म्हणते देवाकडे.”

“असेल. मी पाहिलेलं नाही.”

पोरीने यावर विचार केला. “आता इथे आहे?”

“हो.”

“तिचं दुखतंय अजून?”

ओदिलियाला खोटं बोलता येत नसे, आणि आज ते आलं असतं तर तिला आवडलं असतं. “हो,” ती म्हणाली. “खूप दुखतंय.”

पोरीने वर पाहिलं. मावशीचा चेहरा ती बराच वेळ पाहत राहिली, नुसते डोळे नव्हे, सगळा चेहरा. मग तिने हात खाली घेतले आणि बाजूला झाली, भिंतीला पाठ लावून, दुसऱ्या माणसांसारखी रांगेत उभी राहिली.

शेवटचं कडवं संपलं. शेवटची मेणबत्ती विझली. वेदीच्या जागी नुसती भिंत उरली. उजाडायला लागलं होतं, आणि दारात आता फक्त ओदिलिया उभी होती.

सगळे ती सरकायची वाट पाहत होते. तीही पाहत होती. पोरगी अडली म्हणून आपण इथे आलो, असं इतका वेळ तिला वाटत होतं. पोरगी गेली, आता आपणही जावं, हेही तिला कळत होतं. पण पाय उचलत नव्हते. सरकलं की बरगडीखालचं थांबेल, आणि ते थांबलं की बेनिल्दा नसेल, कुठेच नसेल, खाटेपाशी नाही, भट्टीसमोर नाही. दुखू दे, तिने मनात म्हटलं. दुखू दे तिला, पण राहू दे. असलं भयंकर काही आपल्या मनात असेल हे तिला आत्ता या क्षणी कळत होतं, आणि तिने दोन्ही हातांनी चौकट घट्ट धरली.

“तिला सांगा ना कुणीतरी,” मार्लेनी कुजबुजली. “बोट चुकेल.”

“मावशी आईला सोडत नाहीये,” पोरगी आजीला म्हणाली. तक्रार करावी तसं नव्हे. आजीला दिसत नसेल म्हणून सांगितलं.

निकासिया दोन्ही रांगांमधून पुढे आली. लेकीपासून हातभर अंतरावर थांबली. हात आपसूक वर आले होते, मिठीसाठी. तिने ते पाहिले, खाली घेतले आणि शालीच्या टोकात गुंडाळून ठेवले. चौकटीवरची ओदिलियाची बोटं पांढरी पडली होती. म्हातारी ती बोटं बघत राहिली.

मग मागे न वळता म्हणाली, “तेओफिला, पहिल्यापासून धर.”

“हे दोनदा म्हणत नाहीत, निकासिया.”

“आज म्हणायचं.”

तेओफिलाने बाकीच्या बायकांकडे पाहिलं. कुणीतरी काडी ओढली आणि विझवलेल्यांपैकी एक मेणबत्ती पुन्हा पेटवून भिंतीशी ठेवली.

“बोट...” मार्लेनी म्हणाली.

“तू जा, बाई. तुझे उपकार आहेत. पोरगी इथेच राहील.”

तेओफिलाने पहिली ओळ टाकली. बायकांनी ती उचलली, या वेळी बेताने, दबक्या आवाजात, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलं आहे. ओदिलियाने डोळे मिटले नव्हते. आई समोर उभी होती, हातभर लांब, आणि तेवढीच लांब राहिली.

“सावकाश,” आई म्हणाली. “तुला जमेल तेव्हा.”