नागाबाईच्या मेलमधली भानामती

कापलेलं लिंबू. ऊदाचा धूर.

भिंतीतून उपटलेली इंटरनेटची निळी तार.

"पुन्हा मिटलं! बघा, यंत्र पुन्हा बंद पडलं!"

एक म्हातारी. तिच्या हातचं पाणी आता कुणी पीत नाही.

शिरूर अनंतपाळ. हरिओमच्या ऑनलाइन केंद्रापुढं गर्दी. मी सातबारा काढायला आलो नि अडकलो.

ही म्हातारी नागाबाई. तिच्या मुलानं, भारतनं, पुण्याहून मेल केलाय. तो उघडला की संगणकावरचा मेलचा प्रोग्राम धपकन बंद पडतो. दुसऱ्या कुणाच्या मेलनं नाही, हिच्याच. गल्ली म्हणाली, भानामती! हिला गावाबाहेर काढा. निकाल आज, रेवणप्पा महाराजांच्या तोंडून.

"यंत्रात हिची छाया बसलीया!" महाराज गरजले. "देवाला तारेचा विटाळ चालत न्हाई. उपटा!"

हरिओमनं तार उपटली. लिंबू कापलं. मेल उघडला. टिकला!

"हाव, महाराज लई जागृत!" गर्दी म्हणाली.

"आता हिला वेशीपार घाला."

"थांबा." धम्मप्रिया पुढं आली. नांदेडच्या कॉलेजात संगणक शिकवते, माहेरी आलेली. "मेलातला फोटो कुठाय?"

नुसती अक्षरं होती. फोटोच्या जागी रिकामा चौकोन.

तिनं तार जोडली, भारतला फोन लावला. "तोच फोटो केंद्राच्या पत्त्यावर पाठव. वर लिही, रेवणप्पा महाराजांचं दर्शन."

हरिओमनं भीत भीत उघडला. धपकन बंद.

"महाराज, तुमच्यावर कुणी केली हो भानामती?" धम्मप्रियानं विचारलं.

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पूजेची वेळ होऊन राहिली," म्हणत महाराजांनी चपला शोधल्या.

धम्मप्रिया बोलत होती. "हा फोटो बिघडलेला हाय. सांगतो, मी पायलीभर, आत पोतंभर. जुना प्रोग्राम पायलीची जागा ठेवतो, न मोजता ओततो. सांडलेलं शेजारी पसरतं. तिथं प्रोग्रामचंच काम मांडलेलं. ते बुजलं की तो पडतो. तार काढली की फोटो उतरतच न्हाई, मग पडंल कशानं? अन् एखादा चोर असाच फोटो मुद्दाम घडवून पाठवतो. सांडलेल्या जागेत स्वतःचे हुकूम पेरतो. मग तुमचं यंत्र त्याचं ऐकतं. नवा प्रोग्राम आधी मोजतो, मगच ओततो. हरिओम, अपडेट केलं का?"

"रोज विचारतंय. मी 'नंतर' दाबून राहिलो."

अपडेट झालं. फोटो उघडला. टोपडं घातलेलं तान्हं बाळ.

"नातू हाय माझा," नागाबाई म्हणाली. तिला कुणी वाट करून दिली नाही; तिनंच ढकलली माणसं.

यंत्र बंद पडलं तर का पडलं ते विचारा. कुणाच्या बाईमुळं, हे विचारू नका.

नेट गेलं की तो मेल नीट उघडतो, हे हरिओमनं रेवणप्पाला आदल्या दिवशी चहा पिताना सांगितलं होतं.