लोव्रेच्या टॅब्लेटवरचा राखाडी चौकोन

मी एक शॉर्टकट बोलतोय. फोनच्या नाहीतर टॅब्लेटच्या पडद्यावर छोटी चित्रं असतात, बोट टेकवलं की एखादी वेबसाइट उघडणारी, त्यांतलाच मी एक. माझ्या पोटात पत्त्याखेरीज काही नाही. बोट टेकलं की मी माणसाला त्या पत्त्यावर पोहोचवतो आणि स्वतः मागे राहतो.

माझा जन्म आद्रियाटिक समुद्रातल्या एका लहानशा क्रोएशियन बेटावर झाला. उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते, हिवाळ्यात अकरा माणसं उरतात. नोव्हेंबरातला मंगळवार होता. म्हातारा लोव्रे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता, समोर ब्लित्वाची पालेभाजी आणि बटाटे निवत होते. टॅब्लेट नवाकोरा होता. डब्लिनला राहणाऱ्या मुलीनं, नेव्हेन्कानं, बोलताना चेहरा दिसावा म्हणून पाठवलेला. शेजारी टपालवाली झोर्का बसली होती. ती आठवड्यातून दोनदा बोटीनं यायची आणि पत्रांपेक्षा लोकांची कामंच जास्त करायची. दिवे बदलायची, औषधांवरची अक्षरं वाचून दाखवायची, दाढीसुद्धा करून द्यायची.

"झोर्का," लोव्रे म्हणाला, "ते एक पान आहे म्हणे. समुद्राचं, वाऱ्याचं. कोणीतरी रोज लिहितं."

"कोणीतरी?"

"असेल कोणी."

"बार्बा लोव्रे, त्या पानाचं नाव 'येर्कोचा समुद्र' आहे. लिहिणारा तुमचा सख्खा भाऊ आहे. डोंगराच्या पलीकडे राहतो."

"मला भाऊ नाही."

बेटावर वडीलधाऱ्या दर्यावर्द्याला बार्बा म्हणतात. पण झोर्का ते ज्या सुरात म्हणाली, तो सूर हट्टी पोराला समजावणाऱ्या आईचा होता. तिनं वाद घातला नाही. पान उघडलं, कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं, 'होम स्क्रीनवर जोडा' निवडलं. एक चौकट वर आली आणि तिनं नाव विचारलं.

"इथे आपल्याला हवं ते नाव देता येतं. काय लिहू?"

लोव्रेनं खिडकीबाहेर पाहिलं. "हवामान लिही."

असं माझं नाव हवामान पडलं. चित्र मात्र बदलता येईना. येर्कोच्या पानाला स्वतःचं चित्र नव्हतं, म्हणून टॅब्लेटनं मला एक राखाडी चौकोन दिला आणि त्यात पानाच्या नावाचं पहिलं अक्षर बसवलं, य.

"हे अक्षर का?" लोव्रे घाबरला. "नेव्हेन्का सुट्टीत आली आणि तिनं पाहिलं तर?"

"सांगा, युगो वाऱ्याचा य आहे."

तो जरा हसला. दक्षिणेच्या ओल्या वाऱ्याला तिथे युगो म्हणतात. त्याच दुपारी झोर्कानं माझ्यासारखे आणखी दोन शॉर्टकट केले, एक स्वतःच्या फोनवर, एक टपाल कचेरीतल्या संगणकावर. त्यांना तिनं पानाचं खरं नाव दिलं. आमचा तिघांचा पत्ता एकच, पण आमची कधी भेट झाली नाही.

भावांचं भांडण होडीवरून झालं होतं. वडिलांची लाकडी होडी, पुढच्या टोकावर आईचं नाव कोरलेली. लोव्रे मालवाहू जहाजावर दूर गेला असताना धाकट्या येर्कोनं ती किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाला देऊन टाकली. हॉटेलवाल्यांनी ती मधोमध कापली. एक अर्धा भाग उभा करून त्यात बाटल्या मांडल्या, दुसऱ्यात माती भरून लाल फुलं लावली. लोव्रे परतला तेव्हा बोटीतून उतरल्या उतरल्या त्याला ती फुलं दिसली. येर्को धक्क्यावर त्याला घ्यायला आला होता. लोव्रेनं बॅग खांद्यावर टाकली आणि त्याच्या शेजारून निघून गेला. त्यानंतर एकमेकांशी बोलणं नाही की एकमेकांकडे जाणं नाही. येर्को डोंगराच्या पलीकडच्या खाडीवर राहायला गेला. बायको वारल्यावर त्यानं ते पान लिहायला घेतलं.

मी कामाला लागलो. रोज सकाळी साडेसहाला लोव्रे कॉफी उकळायला ठेवायचा, चष्मा पुसायचा आणि माझ्यावर बोट टेकवायचा. जाडजूड, भेगाळलेलं बोट. कधी कधी टॅब्लेटला ते ओळखूच यायचं नाही, मग तो ते ओठांवर ओलं करून पुन्हा टेकवायचा.

येर्को दोन-तीन ओळीच लिहायचा. 'युगो. समुद्र तिसऱ्या पायरीपर्यंत. चार माकुळं, एक मांजरीला.' 'बुरा, उत्तरेकडून. बोट नाही. जाळं शिवलं.' 'आज कुणाशी बोललो नाही. मांजर मोजलं तर बोललो.'

लोव्रे मोठ्यानं वाचायचा आणि मोठ्यानंच उत्तर द्यायचा. "चार माकुळं? थापाड्या. त्या खाडीत दोनच्या वर कधी मिळाली नाहीत." वाचून झालं की टॅब्लेट पालथा ठेवून द्यायचा. दुपारी नेव्हेन्काचा फोन यायचा. "बाबा, काय नवीन?" तो म्हणायचा, "काही नाही. वारा आहे." चार वर्षं असं चाललं. दिवसभरात मला तेवढ्या एकाच स्पर्शाची वाट. बाकीचा वेळ मी काळ्या काचेखाली, आणि घरात घड्याळाचा आवाज.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी पान उघडलं तर नवीन ओळ नव्हती. वर सोमवारचीच तारीख. लोव्रेनं पान बंद करून पुन्हा उघडलं. सात वाजता पुन्हा, आठ वाजता पुन्हा. त्या दिवशी त्यानं मला चौदा वेळा दाबलं. बाहेर बुरा, उत्तरेचा सोसाट्याचा वारा, सुटला होता, छपराचे दगड हलत होते. बुधवारी सकाळीही सोमवारच. लोव्रेनं कॉफी तशीच ठेवली आणि झोर्काला फोन लावला. बोट बंद असल्यानं ती समुद्रापलीकडच्या गावातच अडकली होती.

"झोर्का, तिकडे... वारा कसा आहे?"

"तुमच्याकडे आहे तसाच. सरळ विचारा ना बार्बा, येर्कोबद्दल विचारायचंय ना?"

लोव्रेनं निवलेला कॉफीचा कप बाजूला सारला.

"मीही पाहिलंय पान," ती म्हणाली. "कालपासून फोन लावतेय, उचलत नाही. लाइन पडली असेल म्हणून स्वतःची समजूत घालत होते. उद्या बोट सुटली की मी स्वतः..."

"उद्या?" लोव्रे म्हणाला आणि उठला.

त्यानं टॅब्लेट कोटाच्या आत, स्वेटरवर ठेवला. फोन करायला त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. अशा रीतीनं मी पहिल्यांदा घराबाहेर पडलो. मला दिसत काही नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. काठीचे ठोके, त्याचा घरघरणारा श्वास, दगडी भिंतींवरून किंचाळत येणारा वारा. शहात्तर वर्षांचा माणूस. दोनदा तो खाली बसला. दुसऱ्यांदा बसला तेव्हा मला वाटलं, आता हा उठत नाही. तो स्वतःलाच शिव्या घालत उठला.

येर्को तळमजल्यावरच्या जाळ्यांच्या खोलीत सापडला. सोमवारी दुपारी शिडीवरून पडला होता, मांडीचं हाड मोडलं होतं. हाताला लागलं ते जुनं शीड त्यानं अंगावर ओढून घेतलं होतं.

"कोण आहे?" जमिनीवरून आवाज आला.

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"तुझा भाऊ, गाढवा. या वाऱ्यात दुसरं कोण येणार इथे?"

शीड सरकल्याचा आवाज आला. मग येर्को म्हणाला, "एकोणीस वर्षं लागली तुला. रस्ता काही एवढा लांब नाही."

लोव्रेनं टॅब्लेट काढला. त्याची बोटं इतकी गारठली होती की झोर्काचं चित्र दाबायला गेला आणि चुकून मलाच दाबलं. सोमवारच्या तारखेचं पान उघडलं. येर्कोनं ते खालून पाहिलं. लोव्रेनं घाईनं ते बंद केलं आणि झोर्काला लावलं. ती म्हणाली, या वाऱ्यात हेलिकॉप्टर उतरणार नाही, पण बंदरातून बचावाचं मोठं जहाज निघेल, दोन तास लागतील.

ते दोन तास मी एका उलट्या बादलीवर पडून होतो. लोव्रेनं शेगडी पेटवली, गरम पाण्यात साखर आणि वाईन घालून भावाला चमच्यानं पाजली.

"दोन दिवस काय प्यायलास?"

"वाईनच्या पिंपाची तोटी हाताला येत होती. मेलो असतो तर प्यालेला मेलो असतो." तो हसायला गेला आणि कळवळला. मग म्हणाला, "तुला कळलं कसं?"

"चिमणीतून धूर दिसला नाही."

"तुझ्या घरातून माझी चिमणी दिसत नाही, लोव्रे. मधे डोंगर आहे."

लोव्रे शेगडीत लाकडं सारत राहिला.

"पानावर कोण येऊन जातं ते मला दिसतं," येर्को हळू म्हणाला. "नावं कळत नाहीत, वेळ कळते. रोजचे चौघं. टपाल कचेरी उघडली की झोर्का. चिलीतला आपला आतेभाऊ, आपल्या दुपारी. माझा मुलगा दुये रविवारी, तोही बायकोनं आठवण केली तर. आणि एक जण साडेसहाला. चार वर्षांत एक दिवस चुकला नाही. मी विचार केला, या बेटावर साडेसहाला कॉफी कोण पितो?"

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर तू वाचणं बंद केलं असतंस. म्हणून लिहीत राहिलो. काही घडलं नाही तरी लिहायचो." त्याचे दात वाजत होते. "ते होडी कापतील हे मला माहीत नव्हतं रे. ते म्हणाले होते, रंग देऊन दारात ठेवू."

"तुला माहीत नव्हतं, ते मला माहीत होतं," लोव्रे म्हणाला. "मला तेव्हाच झोर्काच्या आईनं सांगितलं होतं. पण तोपर्यंत मी धक्क्यावर तुझ्या शेजारून निघून गेलो होतो. परत कसं फिरायचं?"

त्यानं स्वतःचा कोट काढून शिडावर घातला आणि भावाचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसला, जहाजाचा भोंगा ऐकू येईपर्यंत.

येर्को वाचला. पण एकटं राहण्यासारखा उरला नव्हता. इस्पितळातून त्याला दुयेनं झाग्रेबला आपल्या घरी नेलं. दोघे भाऊ फोनवर बोलायला लागले, पण फोनवर त्यांना जमेना. 'वारा कसा?' 'बरा.' 'पाय?' 'आहे.' की संपलं. मग एक दिवस साडेसहाला मी पान उघडलं आणि नवीन ओळ होती.

'झाग्रेब. चौथा मजला. वारा आहे, पण त्याला इथे नाव नाही.'

लोव्रे इतका हसला की चष्मा काढावा लागला. त्या वसंतात तशा एकवीस ओळी आल्या. 'ट्रामचा आवाज. डोळे मिटले तर बोटीची साखळी वाटते.' 'सुनेनं मासा आणला. बर्फातला. खाल्ला, तक्रार केली नाही.' 'लोव्रे, बदाम लागले का बघ.' पानावर कुणाचं नाव त्यानं पहिल्यांदाच लिहिलं होतं. लोव्रे पुन्हा डोंगर चढून बदाम बघून आला. आठवडाभरानं येर्को झोपेतच गेला.

त्याला बेटावर आणून पुरलं. त्यानंतरही लोव्रे मला दाबायचा, जुन्या ओळी वाचायचा. रोज वर्षापूर्वीच्या त्याच तारखेला जायचा. मला वाटलं, एवढ्या ओळी त्याला जन्मभर पुरतील. पण सप्टेंबरात एका सकाळी मी नेहमीसारखा गेलो आणि तिथे काहीच नव्हतं. पांढरा पडदा, त्यावर एक ओळ: हे पान उघडता येत नाही. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. पानाचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, ते फक्त येर्कोला ठाऊक होतं.

लोव्रेला वाटलं, लाइन गेली. चार दिवस त्यानं वाट पाहिली. मग झोर्का आली, तिनं पाहिलं, दुयेला फोन केला आणि खुर्ची ओढून लोव्रेजवळ बसली.

"बार्बा, ते आता परत येणार नाही. मी माझ्या फोनवरचा काढला. कचेरीतलाही काढला. रोज तो पांढरा पडदा बघवत नाही. तुमचाही काढू?"

तिचं बोट माझ्यावर टेकलं आणि टेकलेलंच राहिलं. मी थरथरू लागलो. आम्हाला काढून टाकण्याआधी तसं होतं.

"राहू दे," लोव्रे म्हणाला.

"पण त्यात आता काही नाही."

"राहू दे म्हटलं ना, पोरी."

तिनं बोट उचललं.

आता माझ्यासारखा दुसरा कुणी नाही. माझ्या शेजारच्या चित्रांवर आकडे उमटतात, निरोप येतात, त्यांना दिवसभर काम असतं. मी अजून त्याच पत्त्यावर जातो आणि रिकाम्या हातांनी परत येतो. वाचकहो, तुमच्याही पडद्यावर असा कुणी असेल, ज्याच्या पलीकडे आता काही उरलं नाही. त्याला काढायचं असेल तर जरूर काढा, आम्ही रागवत नाही. फक्त आधी घरातल्या माणसांना विचारा, कुणी रोज दाबतं का ते.

कारण लोव्रे दाबतो. पांढरा पडदा उघडतो. त्याच्याकडे बघत तो कॉफीचा पहिला घोट घेतो. गेल्या महिन्यापासून तो बोलूही लागलाय. आधी घसा साफ करतो, मग एकेक शब्द सावकाश, लिहून देत असल्यासारखा. "गुरुवार. वारा नाही. समुद्र काचेसारखा. तुझं मांजर माझ्याकडे आलंय, माशाला तोंड लावत नाही, त्याला ब्लित्वा आवडतो. बाकी ठीक."

त्याचे शब्द पलीकडे पोहोचवावेत असं मला फार वाटतं. पण मला फक्त न्यायचं माहीत आहे, आणि नेण्यासारखी जागा राहिली नाही. मी पडदा उघडा धरून ठेवतो, त्याचं बोलणं पुरं होईस्तोवर. त्याहून जास्त मला येत नाही.

कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवल्याचा आवाज आला. तो चष्मा शोधतोय. मला गेलं पाहिजे.