मोरीचे तेल आणि सोमवार

आरोग्य हीच खरी संपत्ती आणि पथ्य हा तिचा पहारेकरी, असे आपले शास्त्र हजारो वर्षे सांगत आले आहे. मालवणात मात्र पथ्य म्हणजे आजारी माणसाने तळलेल्या बांगड्याऐवजी कालवणातला बांगडा खाणे. याहून कडक पथ्य कोणी पाळू लागले तर शेजारी डॉक्टरची नव्हे, भटजीची चौकशी करतात.

म्हणूनच सत्तावन्न सालच्या शिमग्यानंतर गुरुदास आजगावकरांच्या घरी मासळी बंद झाली, तेव्हा दारावर येणारी मासळीवाली हिरा पाटी डोक्यावर तशीच ठेवून अंगणात थबकली.

"कोण गेला गो, वयनी?"

"कोण नाय गेला. सगळी बरी आसत," जानकीबाई म्हणाल्या.

"मगे मासळी कित्याक बंद?"

"सहज."

हा शब्द वापरायला नको होता. मालवणात माणूस सहज मरतो, सहज मुंबईला जातो, पण मासळी सहज बंद होत नाही. हिराने "बरां" म्हटले आणि ती पुढच्या घरी गेली. तिथे ती नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसली, हे जानकीबाईंनी खिडकीतून पाहिले. पण त्या दिवसांत त्यांचा सगळा संशय नवऱ्यावर खर्च होत असल्यामुळे हिरासाठी काही शिल्लक राहिला नाही.

कारण गुरुदासांच्या उजव्या हाताला इसब झाले होते. मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत कातडी लाल होऊन फुटली होती, खाजवली की पाणी सुटे. गुरुदासांचे पेठेत कापडाचे दुकान. कापड वाराने मोजायचे म्हणजे हात गिऱ्हाइकाच्या नाकासमोरून जाणार, आणि गिऱ्हाईक कापडाऐवजी हात पाहणार. इसब आणि महारोग यांतला फरक डॉक्टरला कळतो. बाजाराला कळत नाही, आणि कळला तरी बाजार तो सांगत बसत नाही.

एरवी जानकीबाईंनी बाजाराला भीक घातली नसती. पण मुलीचे, सुगंधाचे, देवगडच्या हरिश्चंद्र मोंडकरांच्या मुलाशी जमत आले होते. मोंडकरांच्या आंब्याच्या बागा, मुलगा मुंबईत कचेरीत. मुलाचा फोटो घरी आल्यापासून सुगंधा आईशी भांडायची थांबली होती, आणि जानकीबाईंच्या मते होकार याहून स्पष्ट शब्दांत देता येत नाही. मोंडकर वैशाखात घर बघायला येणार होते. तोवर हात बरा व्हायला हवा होता. बापाच्या हातापायी पोरीचे मोडले, असे जन्मभर ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

उपाय झाले. उंडीचे तेल झाले, कडुलिंबाचा पाला झाला, दवाखान्यातले गंधकाचे मलम झाले. हात सकाळी हिरवा असे आणि संध्याकाळी पिवळा. लाल तो मधल्या वेळेत होई. शेवटी सावंतवाडीला दाजीशास्त्री वैद्यांकडे गेले. शास्त्रीबुवांनी हात पाहिला, जीभ पाहिली, डोळे मिटले आणि "रक्त तापलं आहे" असे सांगून मासे, वांगे, लोणचे, कोकम, सगळे एका दमात बंद केले. उरला भात आणि मुगाचे वरण. घरी परतल्यावर जानकीबाईंनी नवऱ्याला गावदेवीसमोर उभे केले आणि वदवून घेतले, "हात बरो होयसर माशाक तोंड लावचंय नाय."

गुरुदास हे इतक्या सरळपणाने बोलले की संशयाची सुरुवात तिथेच झाली.

जानकीबाईंचा स्वभाव मुळात संशयी नव्हता, असे त्या स्वतःच सांगत. मात्र हे सांगतानाही ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बारीक पाहत. गुरुदास मुगाचे वरण निमूट जेवत. कुरकूर नाही, ताटावरून लवकर उठणे नाही. ज्या माणसाने लग्नानंतरच्या पहिल्या एकादशीला "आज फक्त सुकटच" असे म्हटले होते, त्याच्यात हे वैराग्य आले कुठून? मग एका संध्याकाळी सदरा धुवायला टाकताना त्यांना वास आला. दुसऱ्या दिवशी मिशांना आला.

"तुमच्या तोंडाक माशाचो वास येता."

"मालवणात ऱ्हवतंय. हवेकच येता."

"हवा मिशेत बसता?"

गुरुदासांनी पेपर उघडला. पेपर परवाचा होता.

पुढच्या संध्याकाळी देवळात जाते असे सुगंधाला सांगून जानकीबाई पेठेत गेल्या आणि दुकान बंद होताच नवऱ्याच्या मागे लागल्या. गुरुदास घराच्या दिशेने वळले नाहीत. ते सरळ किनाऱ्याला उतरले, ओढून ठेवलेल्या होड्यांमधून वाट काढत हिराच्या खोपटात शिरले. जानकीबाईंच्या मनात क्षणभर भलतेच आले. पण आत हिरा आणि तिचा नवरा शिवा यांचे कडाक्याचे भांडण चालू होते आणि अशा घरी कोणी प्रेमापोटी जात नाही, एवढा संसार त्यांनी केला होता.

त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. गुरुदास डोळे मिटून, नाक चिमटीत धरून, आ वासून उभे होते आणि हिरा त्यांच्या तोंडात चमच्याने काहीतरी ओतत होती.

"गिळा. थुकलात तर परत देतलंय," हिरा म्हणाली.

"ह्यां काय?" जानकीबाई.

गुरुदासांनी गिळले. ते गिळण्यामागे आता औषधाव्यतिरिक्त इतरही कारण होते.

"औषध."

"कसलां?"

"तेल."

"कसलां तेल?"

उत्तर शिवाने दिले, अभिमानाने. "मोरीच्या काळजाचां, वयनी. ताजा आसा. ह्याच मी होडयेक लावतंय. होडी बघा भायर जावन, फळयेक भेग गावची नाय."

मोरी म्हणजे समुद्रातला दांडगा, दातांचा मासा. त्याच्या काळजाच्या तेलाची कथा अशी, की सरकारी दवाखान्यात घाटावरून नवा डॉक्टर आला होता. त्याने गुरुदासांना सांगितले, तुमच्या कातडीला जीवनसत्त्व कमी पडते आहे, माशाच्या काळजाचे तेल घ्या. बाटलीतले तेल मुंबईहून मागवावे लागणार होते; शिवाचे डब्यात होते. एका वैद्याने मासा बंद केला आणि दुसऱ्याने तोच चमच्याने सुरू केला, या पेचातून गुरुदासांनी बायकोला न सांगण्याचा सोपा मार्ग काढला होता.

"म्हणजे मासो खाल्लात."

"खाल्लंय नाय. प्यालंय."

"देवीसमोर काय बोल्लात?"

"तोंड लावचंय नाय, असां बोल्लंय. हिरान चमचो वरसून ओतलान. तोंड लागला नाय."

हिराने मान डोलावली. तिची साक्ष कोणी मागितली नव्हती.

प्रश्न आता नवराबायकोच्या अधिकारातला राहिला नाही. मोरीचे तेल हा मासा की औषध, हे ज्या देवीसमोर शब्द दिला तिनेच सांगायला हवे. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे कौल लावायला देवळात गेली. बाळा गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"आई, मोरीचां तेल औषध आसा काय, ता सांग," बाळाने गाऱ्हाणे घातले.

देवीने बराच वेळ घेतला. गुरुदास हात खाजवत होते आणि जानकीबाई त्यांच्याकडे पाहत होत्या. मग दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

बाळाचे सगळे आयुष्य या देवीची मध्यस्थी करण्यात गेले होते. तो अडला नाही. "आई म्हणता, तेल घेवा. पण सोमवारी नको."

गुरुदासांनी हात जोडले. जानकीबाईंनी जोडले नाहीत.

"बाळा, औषधाक सोमवार लागता असां कधी आयकलंस? एकादशीक लोक काढो घेतत. सोमवार लागता तो माशाक. म्हणजे देवीनच सांगलान, मासो तो!"

बाळाने देवीकडे पाहिले. देवीने आपले काम केले होते. तेल बंद झाले.

वैशाखात मोंडकर आले. हरिश्चंद्र मोंडकर आणि त्यांची थोरली बहीण आनंदीबाई. हात होता तसाच होता. जानकीबाईंनी त्याला स्वच्छ पट्टी बांधली, बोट कापले म्हणून सांगायचे ठरवले आणि पानाशेजारी चमचा ठेवला. पाहुण्यांच्या पानात सुरमईच्या तुकड्या, तिसऱ्यांचे सुके, सोलकढी. यजमानांच्या पानात भात आणि मुगाचे वरण.

मोंडकरांचा पहिला घास हातातच राहिला. "आजगावकारानू, तुमचां पान असां कसां?"

"पोट जरा..."

"पोट," आनंदीबाई म्हणाल्या, आणि तो शब्द काट्यासारखा पानाच्या कडेला ठेवून दिला. मग त्यांनी हातही आखडता घेतला. "वयनी, स्पष्ट बोलतंय, राग मानू नकात. आमची मासळीवाली सांगत होती. मालवणात आजगावकारांकडे मासळी बंद आसा, आणि कोण मेला नाय. मरणाशिवाय मासळी बंद म्हणजे कायतरी लपवतत. कोण म्हणता क्षय, कोण म्हणता मोठो रोग. आमी आज ह्याच बघूक इलंव. आता बघतंव तर पट्टी काय, चमचो काय!"

जानकीबाईंना हिराची पाटी आठवली. हात बाजारापासून लपवायला म्हणून जे पथ्य त्यांनी घातले होते, ते हाताच्या कितीतरी आधी देवगडला जाऊन पोचले होते. स्वयंपाकघराच्या दारात सुगंधा पळी घेऊन उभी होती. फोटो आल्यापासून ती आईशी भांडत नव्हती; आज भांडायला निघाल्यासारखी दिसत होती.

जानकीबाई उठल्या. कढईतली सगळ्यात मोठी तुकडी त्यांनी उचलली आणि नवऱ्याच्या मुगाच्या वरणावर नेऊन ठेवली.

"खावा."

गुरुदासांनी वर पाहिले. इतक्या दिवसांच्या अनुभवाने आता त्यांनाही संशय येऊ लागला होता. "आणि देवी?"

"देवीक मी सांगतंय. तुमी खावा. हातान खावा."

गुरुदासांनी पट्टी सोडली, चमचा बाजूला सारला आणि खाल्ले. मसाला फुटलेल्या कातडीला झोंबत होता, डोळ्यांत पाणी येत होते. पण ते झोंबण्याचे होते असे कोणी शपथेवर सांगू शकले नसते. शेवटी काटाही चोखला. मोंडकर टक लावून त्या हाताकडे पाहत होते.

"ह्यां काय झाला हाताक?"

जानकीबाईंनी पदर घट्ट धरला.

"इसब," गुरुदास भरल्या तोंडाने म्हणाले.

"इतक्याच?" मोंडकरांनी आपला घास एकदाचा तोंडात घातला. "आंब्याच्या चिकान आमच्याकडे ह्या दिवसांत सगळ्यांचे हात ह्याच्यापेक्षा वायट. आमचो मुंबयचो झील सुट्टीक इलो आसा, त्याचे बघशात तर घाबरशात. वयनी, सुरमय ताजी आसा हां. अक्का, खा गो."

आनंदीबाई खाऊ लागल्या. सोलकढीपर्यंत तिथी ठरली.

त्यानंतर जानकीबाई रोज सकाळी नवऱ्याचा हात उजेडात धरून पाहत. शब्द मोडला होता, तेव्हा इसब वाढणार याबद्दल त्यांची खात्री होती. वाढत नव्हते, तर त्यातही काहीतरी असणार. सुगंधाचे लग्न ज्येष्ठात झाले. आषाढात हात साफ बरा झाला. दाजीशास्त्र्यांनी हा आधीच्या पथ्याचा गुण म्हटले, डॉक्टरने तेलाचा, बाळा गुरवाने देवीचा, आणि शिवाने पुन्हा होडी बघा म्हणून सांगितले.

इसब गेले तेव्हा पावसामुळे होड्या बंद होत्या आणि गुरुदास सुक्या बांगड्यावर होते. मार्गशीर्षात इसब परत आले, तेव्हा गुरुदास ताज्यावर होते.